कॅरॅव्हॅन ओढायला डिझेल की पेट्रोल?

कॅरॅव्हॅन घ्यायचं ठरलं की ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ओढायला फोर-व्हील-ड्राइव्ह कुठली, डिझेल की पेट्रोल? मंडळाच्या गणपतीत, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये किंवा कुणाच्या मागच्या अंगणातल्या बार्बेक्यूला उत्तरंही ठरलेलीच मिळतात. एक म्हणतो, "ओढायचं म्हणजे डिझेलच, प्रश्नच नाही." दुसरा म्हणतो, "नको रे बाबा, डीपीएफ तुंबलं की हजारो डॉलरला फोडणी." दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. एकाची गाडी महिन्यातून दोनदा मरी नदीच्या काठावर जाते, दुसऱ्याची रोज स्टेशनच्या पार्किंगपर्यंत.

म्हणून या लेखात इंधनाचा प्रश्न मुद्दाम मागे ढकलला आहे. आधी वजन, मग गाडी काही ओढत नसते त्या दिवसांत ती काय करते ते, आणि त्यानंतर पंपावरचा नॉझल. या क्रमाने गेलात तर निम्म्या लोकांना शेवटचा प्रश्न विचारावाच लागत नाही.

त्याआधी एक सवय झटकायला हवी. "डिझेल म्हणजे स्वस्त" हे समीकरण आपण इकडे येताना सामानातून आणलेलं आहे. भारतात डिझेलच्या दरावर ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारचं नियंत्रण होतं, त्यामुळे ते पेट्रोलपेक्षा बरंच खाली असायचं. गावाकडे सुमो किंवा बोलेरो घेताना कुणी दुसरा विचारच करत नसे. ऑस्ट्रेलियात दोन्ही इंधनांवर लिटरमागे उत्पादन शुल्क सारखंच आहे आणि पंपावर डिझेल कित्येकदा साध्या ९१ पेट्रोलपेक्षा महाग दिसतं. शिवाय मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेनमध्ये पेट्रोलचा भाव काही आठवड्यांच्या चक्रात चढतो-उतरतो. फोनवर भाव बघून पडत्या दिवशी टाकी फुल करणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो. डिझेलमध्ये असं चक्र नसतं.

कागदावरचे ३५०० किलो

जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: टोइंग ३५०० किलो. लँड क्रूझर ३००, निसान पेट्रोल, फोर्ड एव्हरेस्ट, रेंजर, हायलक्स, डी-मॅक्स, नवी प्राडो, सगळ्यांवर हाच आकडा. (निसानच्या या गाडीचं नावच 'पेट्रोल'सारखं ऐकू येतं आणि ती चालतेही पेट्रोलवर, गोंधळ नको म्हणून पुढे तिला वाय-६२ म्हणू.) हा आकडा खोटा नाही, पण तो एकटा काहीच सांगत नाही. खरा हिशेब दोन दुसऱ्या आकड्यांत आहे. जीव्हीएम म्हणजे माणसं, सामान, इंधन धरून गाडीचं कमाल वजन. जीसीएम म्हणजे गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून कमाल वजन.

हिशेब प्रत्यक्ष करून बघू. लँड क्रूझर ३०० ची सहारा घ्या. जीव्हीएम ३२८० किलो. टाकी भरलेली, पण माणूस नसलेली गाडी साधारण २६१० किलोची. उरले ६७०. आता मागे ३००० किलोची कॅरॅव्हॅन लावली. तिच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार टो बॉलवर यायला हवा, नाहीतर ती हायवेवर शेपटी हलवायला लागते. हे ३०० किलो गाडीच्या खात्यात मोजले जातात. उरले ३७०. आई, बाबा, दोन मुलं आणि तीन महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा धरा ३६०. उरले १०. अजून टो बार मोजलेला नाही, बुलबार बसवला असेल तर तो नाही, फ्रिज नाही, कुकर नाही आणि तांदळाची दहा किलोंची पिशवीही नाही. ती पिशवी चढली की संपलं.

आता जीसीएम. या गाडीचा आकडा ६७५० किलो. पण ३२८० आणि ३५०० यांची बेरीज ६७८० होते. म्हणजे गाडीही पूर्ण भरलेली आणि कॅरॅव्हॅनही पूर्ण भरलेली, असं एकाच वेळी करता येतच नाही. वाय-६२ चं जीव्हीएम ३५०० आणि जीसीएम ७०००, तिथे बेरीज नेमकी बसते. कागदावर दोघींची ओढायची ताकद एकच, प्रत्यक्षात पेट्रोलवाली थोडी सैल. यात इंधनाचा काही संबंध नाही, आणि मला म्हणायचंय ते हेच: मागचा अ‍ॅक्सल दबला असेल तर पुढच्या इंजिनात काय जळतंय याने काही फरक पडत नाही. मर्यादेबाहेर गाडी सापडली तर दंड आहेच, पण अपघात झाल्यावर विमा कंपनीने दावा नाकारण्याची शक्यता त्याहून महाग पडते.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी कॅरॅव्हॅन ठरवा, आणि तिच्या पाटीवरचं एटीएम, म्हणजे ट्रेलरचं कमाल वजन, लिहून घ्या. विक्रेता रिकाम्या कॅरॅव्हॅनचं वजन सांगेल. त्यात पाण्याच्या टाक्या, गॅस, गाद्या, खुर्च्या धरून ३००-४०० किलो सहज वाढतात. गाडी हातात आल्यावर सगळं सामान भरून एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर चढवा. आधी जोडून, मग सोडून. थोडक्या डॉलरचं काम आहे.

ब्रेकचा नियमही इथेच सांगून टाकतो: ट्रेलर ७५० किलोच्या वर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि २००० किलोच्या वर गेला की सगळ्या चाकांना ब्रेक, शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लागतील अशी सोय. इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर गाडीत, हाताशी बसवून घ्यावा लागतो. डिझेल असो वा पेट्रोल, हा खर्च दोन्हीकडे सारखाच.

कॅरॅव्हॅन घरी उभी असते तेव्हा

बहुतेक कुटुंबं कॅरॅव्हॅन घेऊन वर्षातून किती दिवस बाहेर असतात? ईस्टर, शाळेच्या सुट्ट्या, दोन-चार लाँग वीकेंड. बाकीचे सगळे दिवस हीच गाडी टार्नीटहून शाळेत, शाळेतून कोल्सला, कोल्सहून क्रिकेटच्या सरावाला जाते. प्रत्येक फेरी तीन-चार किलोमीटरची. डिझेल-पेट्रोलचा निकाल माझ्या मते या फेऱ्या लावतात.

आजच्या प्रत्येक डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ असतं. काजळी अडवणारी जाळी म्हणा. काजळी साठत जाते, आणि ठरावीक पातळीला गाडी ती आपणहून जाळते. त्यासाठी एक्झॉस्ट सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास तापावा लागतो आणि तसा पंधरा-वीस मिनिटं राहावा लागतो. हायवेवर हे तुमच्या नकळत उरकतं. पण शाळेपर्यंतच्या फेरीत इंजिन पुरतं गरमही होत नाही. गाडी जाळायला सुरुवात करते आणि तुम्ही किल्ली काढता. पुन्हा सुरुवात, पुन्हा किल्ली. या अर्धवट प्रयत्नांत जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. ऑइल वाढलेलं बघून खूश होऊ नका, ते पातळ झालेलं असतं.

ही फक्त निष्काळजी मालकांची अडचण नाही. २०१५ ते २०२० या काळातल्या हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडोच्या डीपीएफबद्दल टोयोटाविरुद्ध ऑस्ट्रेलियात सामूहिक दावा झाला आणि २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने या गाड्यांत दोष असल्याचा निर्णय दिला. गाड्या अडीच लाखांहून जास्त होत्या. या काळातली जुनी गाडी घेणार असाल तर कंपनीने नंतर दिलेली दुरुस्ती झाली आहे का, आणि काजळी हाताने जाळायचं बटण बसवलेलं आहे का, हे सर्व्हिसच्या कागदांवर बघा. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

गंमत अशी की हेच डीपीएफ कॅरॅव्हॅन मागे लागली की अगदी सुतासारखं सरळ चालतं. ओझं आहे, एक्झॉस्ट तापलेला आहे, काजळी आपोआप जळते आहे. म्हणजे डिझेल घेऊन जो खूप ओढतो त्याला त्रास नाही. डिझेल घेऊन जो क्वचित ओढतो त्याला आहे. तुमची गाडी दुसऱ्या गटातली असेल आणि तरीही डिझेलच हवी असेल, तर आठवड्यातून एकदा तिला अर्धा तास फ्रीवेवर नेण्याची शिस्त लावून घ्या. ज्यांना रोज मेल्टनहून किंवा पेनरिथहून लांब कामाला जावं लागतं त्यांनी या परिच्छेदांची चिंता करायचं कारण नाही.

काही नव्या डिझेल गाड्यांना अ‍ॅडब्लू नावाचं युरियाचं द्रावणही लागतं. २५० मालिकेच्या प्राडोला लागतं. ते संपलं की गाडी काही अंतरानंतर पुन्हा चालू होत नाही. २०२१ च्या अखेरीस चीनने युरियाची निर्यात आवळल्यावर ऑस्ट्रेलियात याचाच तुटवडा पडला होता आणि ट्रकवाल्यांचे धाबे दणाणले होते. एरवी मोठ्या पंपांवर मिळतं. लांबच्या प्रवासात एक कॅन सोबत असू द्या, एवढंच.

पेट्रोल गाडीत यातलं काही नाही. थंडीत चालू करा, दोन किलोमीटर जा, बंद करा, तक्रार नाही. पेट्रोल जास्त पितं हे खरं, पण ते डोळ्यासमोर, पंपावर पितं. डिझेलचा खर्च एखाद्या सकाळी डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याच्या रूपाने येतो.

चढ आणि उतार

आता ओढण्याची गोष्ट. लँड क्रूझर ३०० चं ३.३ लिटरचं डिझेल व्ही-६ इंजिन ७०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, आणि तो इंजिनाच्या मिनिटाला १६०० ते २६०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. वाय-६२ चं ५.६ लिटरचं पेट्रोल व्ही-८ देतं ५६० न्यूटन-मीटर, आणि तोही ४००० फेऱ्यांना. पण ताकद विचाराल तर डिझेलची २२७ किलोवॅट, पेट्रोलची २९८.

याचा अर्थ रस्त्यावर काय होतो ते बघा. सिडनीहून बाथर्स्टला जाऊन परत येताना हार्टलीच्या बाजूने व्हिक्टोरिया पासचा चढ लागतो. डिझेल गाडी एखाद-दुसरा गिअर खाली टाकते, काटा दोन हजारांच्या आसपास राहतो आणि गप्पा न थांबता गाडी वर जाते. पेट्रोल व्ही-८ धाडकन दोन-तीन गिअर खाली येते, काटा चार हजारांच्या वर जातो, इंजिन गरजायला लागतं. नवखा चालक घाबरून पाय काढतो आणि मग गाडी खरोखरच रखडते. त्या इंजिनाला तिथेच राहायचं असतं, ते त्यासाठीच बनवलेलं आहे. पाय ठेवा, वर्दळ बघा, ती डिझेलच्या पुढेच निघेल. ज्यांना हा आवाज सहन होत नाही, किंवा शेजारी बसलेल्या व्यक्तीला होत नाही, त्यांनी डिझेल घ्यावी. हे कारण कमी दर्जाचं नाही. हजार किलोमीटर तो आवाज तुम्हीच ऐकणार आहात.

टॉर्कच्या गप्पांत किलोवॅट विसरले जातात, म्हणून एक साधं गणित. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून ६००० किलो, चढ सहा टक्क्यांचा, वेग ताशी ८० किलोमीटर. नुसतं वजन वर चढवायलाच सुमारे ७८ किलोवॅट लागतात. हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण धरून आणखी पन्नास-एक. म्हणजे चाकांपाशी साधारण १३० किलोवॅट हवेत. हायलक्स आणि प्राडोचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन १५० किलोवॅटचं आहे. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमध्ये जाणारं वजा केलं तर ते तिथे टाचा उंचावून उभं असतं. वेग थोडा उतरणारच. फोर्डचं ३ लिटरचं व्ही-६ डिझेल १८४ किलोवॅट आणि ६०० न्यूटन-मीटर देतं, त्याला श्वास घ्यायला जागा राहते. तेव्हा "डिझेल आहे ना, ओढेल" एवढ्यावर थांबू नका. कुठलं डिझेल, हा प्रश्न तितकाच मोठा आहे. अडीच टनांच्या वरच्या कॅरॅव्हॅनला चार सिलिंडरांची डिझेल चालते. मी मात्र व्ही-६ च सुचवेन.

आणि हल्ली टॉर्क ही डिझेलची मिरासदारी राहिलेली नाही. डिझेलमध्ये टर्बो असतो म्हणून टॉर्क खालच्या फेऱ्यांना मिळतो. तोच टर्बो पेट्रोलला लावला की तिथेही मिळतो. निसानने २०२४ मध्ये दाखवलेल्या नव्या गाडीचं ३.५ लिटरचं ट्विन-टर्बो पेट्रोल इंजिन ७०० न्यूटन-मीटर देतं, लँड क्रूझरच्या डिझेलइतकंच. फोर्ड एफ-१५० चं टर्बो पेट्रोल इंजिन तर साडेचार टनांना मान्य आहे. ओढताना ही टर्बो पेट्रोल इंजिनं पितात मात्र दणकून, कारण जोर पडला की स्वतःला थंड ठेवायला ती जास्त इंधन सोडतात.

उतार हा भाग बाजारातल्या चर्चेत कधीच येत नाही, आणि जीव तिथे अडकलेला असतो. खंडाळ्याच्या घाटातले ट्रकवाले सांगत आले आहेत: ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. टूवुम्बाच्या रांगेवरून उतरताना, वूलाँगाँगच्या माउंट ऊस्लीला, अ‍ॅडलेडच्या डोंगरातून ग्लेन ऑस्मंडकडे येणाऱ्या साउथ ईस्टर्न फ्रीवेवर हाच नियम. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटल बंद होतो आणि इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवतं. मोठ्या व्ही-८ चं हे धरणं चांगलंच जाणवतं. डिझेलमध्ये थ्रॉटलची तशी अडवणूक नसते, त्यामुळे त्याच गिअरला ते कमी धरतं. एखादा गिअर आणखी खाली लागतो. टो मोड असेल तर उतार सुरू व्हायच्या आधी लावा, मध्यावर नाही. ब्रेक सतत दाबून धरू नका. एकदा नीट दाबून वेग उतरवा, सोडा, थंड होऊ द्या. जळक्या ब्रेकचा वास आला तर जिथे रुंद जागा मिळेल तिथे थांबा. मागे रांग लागली तर लागू दे.

पैशाचं काय

आपल्या लोकांना हा भाग आधी वाचायचा असतो. घ्या.

ऑस्ट्रेलियात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, आपण लिटरला किती किलोमीटर म्हणजे 'अ‍ॅव्हरेज' विचारतो. अडीच-तीन टनांची कॅरॅव्हॅन मागे असताना मोठी डिझेल गाडी शंभराला १५ ते २० लिटर घेते. वाय-६२ सारखी पेट्रोल २० ते २८. म्हणजे डिझेलचा अ‍ॅव्हरेज साडेपाचच्या आसपास आणि पेट्रोलचा चार. गावाकडे चारचा अ‍ॅव्हरेज सांगितलात तर काका फोन ठेवतील.

वर्षाला १५,००० किलोमीटर धरू, त्यातले ४,००० कॅरॅव्हॅनसह. डिझेल: रिकामी असताना ११ लिटर आणि ओढताना १८ धरली तर वर्षाचे १,९३० लिटर. पेट्रोल: १५ आणि २५ धरली तर २,६५०. फरक ७२० लिटर. लिटरला दोन डॉलर धरले तर वर्षाला १,४४० डॉलर. वाय-६२ ला ९५ चं महाग पेट्रोल घालायला सांगितलेलं आहे, त्याचा चढा भाव धरला तर फरक दोन हजारांकडे सरकतो. आता शोरूममध्ये जा आणि सारख्या सुखसोयींच्या दोन गाड्यांच्या किमती शेजारी ठेवा. वाय-६२ वर्षानुवर्षं लँड क्रूझरपेक्षा बरीच स्वस्त विकली गेली आहे. फरक १५,००० डॉलरचा निघाला तर तो इंधनातून भरून यायला सात-आठ वर्षं लागतील. तुम्ही वर्षाला ४,००० ऐवजी १५,००० किलोमीटर ओढत असाल, म्हणजे निवृत्त होऊन देश बघायला निघाला असाल, तर चित्र बदलतं आणि डिझेल पाच-एक वर्षांत पुढे जाते. आकडे तुमचे घाला, माझे नको. पुढे विकताना लँड क्रूझरला येणारी किंमतही त्यात धरा. जुन्या बाजारात तिला उठाव दांडगा आहे. डिझेलच्या सर्व्हिसचंही विचारून घ्या: लँड क्रूझर ३०० ला दर सहा महिन्यांनी किंवा १०,००० किलोमीटरला गराज दाखवावं लागतं.

एक बचत दोन्हीकडे फुकट आहे. ताशी १०० ऐवजी ९० ने चालवा. हवेचा विरोध जवळजवळ एक पंचमांशाने उतरतो, आणि कॅरॅव्हॅनच्या सपाट तोंडावर हवाच तर सगळं इंधन खाते. नल्लाबोरला समोरून वारा लागला की हे पटतं.

दूर जायचं असेल तर

शहरांच्या आणि किनाऱ्याच्या पट्ट्यात दोन्ही इंधनं सगळीकडे. आत, वाळवंटाकडे गेलात की डिझेल हमखास मिळतं, कारण ट्रक, जनरेटर, गुरांची स्टेशनं सगळी त्यावर चालतात. ९५ किंवा ९८ चं पेट्रोल मिळेलच असं नाही. नॉर्दर्न टेरिटरी आणि आसपासच्या बऱ्याच दुर्गम वस्त्यांत साध्या पेट्रोलऐवजी कमी अ‍ॅरोमॅटिक असलेलं ९१ चं पेट्रोल विकतात. २००५ मध्ये ते ओपल या नावाने, पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाला आळा घालण्यासाठी आणलं गेलं. गाडीला ते चालतं, पण ज्या इंजिनाला ९५ हवं त्याला तिथे जोराने ओढायला लावू नका.

जेरी कॅनमध्ये जादा इंधन नेणार असाल तर डिझेल कमी धोक्याचं. ते साधारण साठ अंशांच्या वर तापेपर्यंत पेट घेण्याजोगी वाफ सोडत नाही. पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही सोडतं. चाळीस अंशांच्या उन्हात छपरावर पेट्रोलचे कॅन बांधून फिरणं मला पटत नाही.

टाकीचं अंतरही मोजा. लँड क्रूझर ३०० ची टाकी ११० लिटरची, शंभराला १८ धरली तर सहाशे किलोमीटर. वाय-६२ ची १४० लिटरची, २५ धरली तर साडेपाचशे. मोठ्या टाकीमुळे पेट्रोलने बरंच भरून काढलं आहे. जुन्या चार लिटर पेट्रोल प्राडोवाल्यांनी मात्र आपला आकडा आधी तपासावा. त्या गाडीची ओढायची मर्यादाही २५०० किलोच आहे.

मग घ्यायची कुठली?

दोन टनांच्या आतला कॅम्पर ट्रेलर किंवा छोटी बोट, वर्षातून चार-सहा फेऱ्या आणि बाकी शहर: पेट्रोल किंवा पेट्रोल-हायब्रिड घ्या आणि डीपीएफचं नावही काढू नका. जीडब्ल्यूएम टँक ५०० चं पेट्रोल-हायब्रिड तीन टनांपर्यंत मान्य आहे. मोठी कॅरॅव्हॅन, लांबचे प्रवास, रोजही हायवे: डिझेल, आणि शक्यतो व्ही-६. मोठी कॅरॅव्हॅन पण वर्षातून दोनदाच, आणि रोज शाळेपर्यंत: इथे लोक सवयीने डिझेल घेतात, आणि इथेच मी मोठी पेट्रोल व्ही-८ सुचवीन.

आपल्या चाकणला तयार होणारी महिंद्रा स्कॉर्पिओही २०२३ पासून ऑस्ट्रेलियात मिळते, २.२ लिटर डिझेल, १२९ किलोवॅट, ४०० न्यूटन-मीटर, ओढायची मर्यादा २५०० किलो. किमतीच्या मानाने इंजिन दमदार आहे. पण ऑस्ट्रेलियातल्या एएनकॅप सुरक्षा चाचणीत तिला त्याच वर्षी शून्य तारे मिळाले, आणि चाकणचा अभिमान बाजूला ठेवून ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. दीड टनाच्या वर ती कुटुंबासकट ओढायला मी कुणाला सांगणार नाही.

जुनी डिझेल बघताना सकाळी लवकर, इंजिन पूर्ण थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर परत येतो म्हणावं आणि निघावं. ऑइलची पातळी खुणेच्या वर आहे का बघा. टो बॉल आणि त्याखालची जोडणी पाहा. चकाकून झिजलेली असेल तर गाडीने खूप ओढलंय, मीटर काहीही म्हणो. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते कागदावर मागा. ओढणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स सर्वांत जास्त तापतो, आणि "हे ऑइल आयुष्यभराचं असतं" हे वाक्य ऐकून पुढे जाऊ नका. जुनी पेट्रोल बघताना रेडिएटर आणि कूलंट बघा, बाकी ती सरळ असते.

घरात दुसरी गाडी पेट्रोलची आणि ही डिझेलची असेल तर झाकणावर आतून-बाहेरून मोठ्या अक्षरांत 'डिझेल' चिकटवा. पेट्रोलचा नॉझल डिझेलच्या तोंडात सहज जातो. गेलाच आणि लक्षात आलं, तर इंजिन चालू करू नका. बटणाची गाडी असेल तर इग्निशनही लावू नका, कारण तेवढ्यानेच पंप इंधन पुढे ढकलायला लागतो. आत्ताच्या डिझेलचा उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, पेट्रोलने तो खरवडला की धातूचा चुरा थेट इंजेक्टरपर्यंत जातो. गाडी न्यूट्रलला टाकून बाजूला ढकला, पंपावर सांगा, रोडसाइडला फोन करा आणि टाकी रिकामी करून घ्या. काहीशे डॉलर जातील. चालू करून घरी आणलीत तर बिलात एक शून्य वाढेल.